तुर्की जोडशब्दांतला ‘न’ : दुसऱ्या पातळीच्या विद्यार्थ्यांसाठी

वह्या तपासताना आमचा सर्वांत जास्त वेळ एकाच चुकीवर जातो, म्हणून हे पत्रक. विभक्तीचे प्रत्यय तुम्हांला पाठ आहेत. ‘बाह्चे’ म्हणजे बाग. बागेत ‘बाह्चेदे’, बागेकडे ‘बाह्चेये’, बागेतून ‘बाह्चेदेन’. स्वरमेळही, म्हणजे प्रत्ययातला स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवणं, सहसा चुकत नाही. अडतं ते जोडशब्दापाशी.

चाय आणि बाह्चे जोडले की ‘चाय बाह्चेसी’, म्हणजे उघड्यावर बसून चहा प्यायची जागा. ‘तिथे’ म्हणायची वेळ आली की बहुतेक जण ‘बाह्चेसिदे’ लिहितात. बरोबर रूप ‘चाय बाह्चेसिन्दे’. तिकडे जायचं तर ‘बाह्चेसिये’ नव्हे, ‘बाह्चेसिने’. तिथून निघायचं तर ‘बाह्चेसिन्देन’. इस्तंबूलच्या गालाता पुलावर भेटायचं ठरलं तर ‘गालाता क्योप्र्यूस्यून्दे’. फक्त ‘सह’ अर्थाच्या ‘-ले’आधी न येत नाही, य येतो: ‘बाह्चेसिय्ले’.

खरं तर मराठी माणसाला हे जड जाऊ नये. ‘रस्ताला’ आपल्या तोंडून निघत नाही. सामान्यरूप करूनच आपण प्रत्यय लावतो. साध्या तुर्की नामाला प्रत्यय थेट लागतो, पहिल्या पातळीत तीच सवय होते आणि जोडशब्दालाही तसाच चिकटवला जातो. ‘बाह्चेसिन-’ हे जोडशब्दाचं सामान्यरूप समजा, म्हणजे बसेल. अनेकवचनात आणि ‘माझी’ म्हणताना मात्र ‘सी’च जातो: ‘चाय बाह्चेलेरी’, ‘चाय बाह्चेम’.

‘मधला न राहून गेला तरी तुर्की माणसाला कळतं, मग एवढा आग्रह का?’ असं विचारलं जातं. बोलताना कळतं, हे खरं. पण ‘एविन्दे’ म्हणजे तुझ्या घरातही आणि त्याच्या घरातही: पहिल्यात न ‘तुझ्या’च्या प्रत्ययाचा, दुसऱ्यात हाच मधला न. पुढच्या पातळीच्या वाचनात असे शब्द ओळीओळीला येतात. न कुठून आला हे ज्याला ठाऊक नाही, तो तिथे अडकतो. म्हणून आम्ही चूक दुरुस्त करून देत नाही, खाली रेघ मारून वही परत करतो. वेळ लागतो, पण स्वतः दुरुस्त केलेलं रूप विसरत नाही.

शनिवारी फक्त जोडशब्दांचा सराव घेतो. चालू तुकडीला त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी शिकणाऱ्यांना तेवढ्या एका तासासाठीही येता येईल. सर्व रूपांचा छापील तक्ता वर्गात मिळेल. वही देण्याआधी प्रत्येक जोडशब्दाचा न एकदा बघून घ्या. तशा वह्या त्याच दिवशी तपासून मिळतात.