मोनेन्सिन ते मिथेन: कोटीपोटातल्या हायड्रोजनचा हिशेब

गाईच्या ढेकरेतला मिथेन आज हवामानबदलाच्या चर्चेत असला, तरी पशुआहारशास्त्राला तो फार आधीपासून सलत होता. खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के ऊर्जा या वायूवाटे फुकट जाते.

कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जिवाणू चारा आंबवतात, त्यातून जनावराला ऊर्जा देणारी ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही आम्लं तयार होतात. ॲसिटेट बनताना हायड्रोजन सुटतो, प्रोपियोनेट बनताना खर्ची पडतो. उरलेला हायड्रोजन वापरून मिथेनजनक सूक्ष्मजीव मिथेन करतात. पुढचा सगळा इतिहास या उरलेल्या हायड्रोजनचं काय करायचं, याचाच आहे.

पहिलं मोठं उत्तर कोंबड्यांच्या खाद्यातून आलं. स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या जिवाणूपासून मिळालेलं मोनेन्सिन हे मुळात कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवरचं औषध. ते पेशीतल्या सोडियम-पोटॅशियमचा तोल बिघडवतं, त्यामुळे हायड्रोजन सोडणारे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू मागे पडतात आणि प्रोपियोनेट वाढतं. अमेरिकेत १९७५ मध्ये मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या जनावरांना ते द्यायला परवानगी मिळाली. धान्याच्या खुराकावरची जनावरं कमी खाऊन तेवढीच वाढत, म्हणून पशुपालकांनी ते उचलून धरलं. (घोड्याने मात्र हे खाद्य चुकूनही खाऊ नये, थोड्या मात्रेतही जीव जातो.) मोनेन्सिन प्रतिजैविकांत मोडतं; प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या धास्तीने युरोपीय संघाने वाढवर्धक म्हणून त्याचा वापर १ जानेवारी २००६ पासून बंद केला. माणसांच्या उपचारात मोनेन्सिन वापरतच नाहीत, हे तिथे फारसं मोजलं गेलं नाही.

क्लोरोफॉर्मसारखी संयुगं मिथेन रोखतात, हे १९६०च्या दशकातच दिसलं होतं. पण दावणीत क्लोरोफॉर्म कोण घालणार? त्याचाच जवळचा नातलग ब्रोमोफॉर्म पुढे ॲस्परागोप्सिस या लाल समुद्रशेवाळात सापडला. ३-एनओपी (३-नायट्रोऑक्सिप्रोपॅनॉल) हे खाद्यात मिसळायचं संयुग मिथेन बनवणारं शेवटचं विकरच (एन्झाइम) अडवतं. त्याला युरोपात २०२२ मध्ये, अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. दुभत्या गाईंत मिथेन साधारण ३० टक्क्यांनी घटतो.

खरी अडचण खर्चाची आहे. मोनेन्सिनने खाद्य वाचायचं. ३-एनओपीने अडवलेला बराच हायड्रोजन तसाच ढेकरेतून निघून जातो, दूध खात्रीने वाढत नाही, म्हणून त्याचा खर्च वसूल होईलच असं नाही. शिवाय ते कोटीपोटात लवकर विघटित होतं, म्हणून खाद्यात सतत मिसळून द्यावं लागतं, आणि तंतुमय चाऱ्यावर त्याचा परिणाम कमी होतो. आपल्याकडची बरीचशी जनावरं तर कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यांवरच जगतात.