रॉचेस्टर (न्यूयॉर्क राज्य): अर्थव्यवस्था आणि मोठ्या कंपन्या

रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्यातलं, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण काठाजवळचं शहर. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या २ लाख ११ हजार, १९५० साली हीच ३ लाख ३२ हजार होती. मधल्या काळात बरेच जण उपनगरांत गेले, आणि पुढे कारखान्यातल्या नोकऱ्याही गेल्या.

सुरुवात पिठाच्या गिरण्यांपासून. जेनेसी नदीच्या धबधब्यावर गिरण्या चालायच्या आणि १८२५ला ईरी कालवा पूर्ण झाल्यावर पीठ थेट न्यूयॉर्क शहरात जायला लागलं. पुढे गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकली तसा हा धंदाही सरकला, मग रोपवाटिका, तयार कपडे, आणि १८५३पासून बॉश अँड लॉम्बचा चष्म्याच्या भिंगांचा धंदा.

पण खरं शहर उभं केलं ते कोडॅकने. कंपनीचा संस्थापक जॉर्ज ईस्टमन, त्याचा कॅमेरा १८८८ला बाजारात आला आणि पुढची शंभर वर्षं इथे घरटी एक माणूस कोडॅकमध्ये, असंच म्हणायचं. १९८२च्या आसपास एकट्या रॉचेस्टर भागात ६० हजारांवर कामगार! कोडॅक पार्क म्हणजे शहरातलं शहरच, स्वतःचं वीजघर, स्वतःची रेल्वे, स्वतःची फायर ब्रिगेड. फिल्मवर जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचा थर चढवायचं काम पूर्ण अंधारात चालायचं, तिथली माणसं न बघताच वावरायला शिकलेली असायची. १९१२पासून कंपनी नफ्यातून वेज डिव्हिडंड म्हणजे आपल्या भाषेत बोनस द्यायची, तो मार्चमध्ये हातात पडला की गावातले गाड्या विकणारे खूश.

आपल्याकडे कॉलेजसमोर झेरॉक्सची दुकानं असतात ना, ती झेरॉक्सही इथलीच, १९०६ साली हॅलॉइड नावाने निघालेली. १९५९च्या ‘९१४’ नावाच्या फोटोकॉपी मशीनने नशीब काढलं, पण दहा वर्षांत हेडऑफिस कनेक्टिकटला गेलं.

डिजिटल कॅमेऱ्याने कोडॅक बुडालं हे सगळेच सांगतात, पण पहिला डिजिटल कॅमेरा १९७५मध्ये कोडॅकच्याच इंजिनिअरने, इथेच बनवला होता. २००७ला पार्कमधल्या काही इमारती स्फोटकं लावून पाडल्या, बघायला माजी कामगारही आले होते, आणि जानेवारी २०१२मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी त्यातून बाहेर आली आणि सिनेमाची फिल्म अजून इथे बनते, बाकी पार्कमधल्या बऱ्याच जागा आता दुसऱ्या कंपन्यांकडे आहेत, वीज-वाफ-पाणी सगळं तयार असल्याने पास्ता सॉसवालेही तिथे आलेत.

आज सगळ्यात जास्त माणसं कामाला आहेत ती युनिव्हर्सिटी ऑफ रॉचेस्टर आणि तिच्या हॉस्पिटलांत, साधारण ३० हजार, त्यानंतर रॉचेस्टर रीजनल हेल्थ आणि वेगमन्स सुपरमार्केट (१९१६पासून, अजून घरच्यांच्याच हातात). पेचेक्स १९७१ला सुरू झाली, छोट्या धंद्यांच्या पगाराचे हिशोब ठेवते. एलथ्री हॅरिस लष्करी रेडिओ बनवते. आरआयटी म्हणजे रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, तिथे भारतीय विद्यार्थी भरपूर.

गंमत अशी की युनिव्हर्सिटीचं मेडिकल स्कूल आणि म्युझिक स्कूल दोन्ही उभी राहिली त्यात ईस्टमनच्या पैशाचा मोठा वाटा होता, म्हणजे कारखाना आटला तरी ईस्टमनच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या संस्था लोकांना पगार देतायत. फरक एवढाच की कोडॅक प्रॉपर्टी टॅक्स भरायची, युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटलं ना-नफा म्हणून त्यांच्या बहुतेक जागांना तो माफ आहे, त्यामुळे नोकऱ्या मिळत असूनही सिटी हॉलच्या तिजोरीत त्याचा वाटा तेवढा येत नाही.