मेलेली बॅटरी आणि पुसलेली चिप

जुना लॅपटॉप, बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जर लावला की मात्र मजेत चालतो. एक दिवस बायोस (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) अपडेट करायला घ्यावं, तर समोर संदेश: बॅटरी जोडा, ठरावीक टक्के चार्ज झाल्याशिवाय अपडेट होणार नाही. ‘नवी बॅटरी खपवायची युक्ती,’ असं यावर अनेकांच्या तोंडून ऐकलंय. मला ते पटत नाही. त्या अटीचं खरं कारण मदरबोर्डवरच्या एका आठ पायांच्या, करंगळीच्या नखाहून लहान चिपमध्ये आहे.

आधी एक गल्लत दूर करू. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटणसेल घड्याळ चालू ठेवतो, काही मशीनमध्ये सेटिंग्जही जपतो. फर्मवेअर, म्हणजे बायोससारखा मशीनमध्येच मुरवलेला प्रोग्राम, त्याच्या भरवशावर नसतं. मोठी बॅटरी मेली काय किंवा बटणसेल काढला काय, फर्मवेअर जागच्या जागी राहतं, कारण ते त्या आठ पायांच्या चिपमध्ये, म्हणजे फ्लॅश मेमरीत असतं.

आणि ही फ्लॅश मेमरी म्हणजे कमालीची गोष्ट आहे. तिच्या प्रत्येक कप्प्यात एक ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या आत चहूबाजूंनी ऑक्साइडच्या (वीज न वाहू देणाऱ्या) थराने वेढलेला ‘तरंगता गेट’, म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची जागा. बाहेरून त्याला एकही तार जोडलेली नाही! १९६७ मध्ये बेल लॅब्जमधल्या दावोन कांग आणि सायमन झी यांनी ही कल्पना मांडली. गेटवर इलेक्ट्रॉन कोंडले की तो कप्पा ०, गेट मोकळा असला की १. कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज गेली तरी वर्षानुवर्षं तिथेच राहतात.

मेख पुसण्यात आहे. १ चा ० करणं सोपं, हव्या त्या कप्प्यात करता येतं. ० चा पुन्हा १ करायचा तर जास्त व्होल्टेज लावून इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधून बाहेर खेचावे लागतात, आणि ते एकेका कप्प्याचं होत नाही. ४ केबी किंवा ६४ केबीचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी जगापुढे मांडली. सगळं एका झटक्यात पुसलं जाणं त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, त्यावरून हे नाव. म्हणजे अपडेट करताना जुन्या मजकुरावर नवा चढत नाही. आधी ब्लॉक कोरा होतो, मग तो भरला जातो, आणि १६ एमबीच्या चिपमध्ये ६४ केबीचे असे २५६ ब्लॉक असतात.

या दोन पायऱ्यांच्या मध्ये वीज गेली तर? माझ्या हातून एकदा हे घडलं. चार्जरची पिन जराशी हलली आणि पडदा काळा. पुन्हा सुरू केला, तर पंखा फिरतोय, बाकी काही नाही. चिपला क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने मी आतला मजकूर वाचला. सुरुवातीला आकड्यांची दाट गर्दी, शेवटाकडे ओळीच्या ओळी एफएफ एफएफ एफएफ. एफएफ म्हणजे आठही बिट १, म्हणजे पुसलेलं. एक्स८६ प्रोसेसर (इंटेल-एएमडीच्या लॅपटॉपमधला) सुरू झाल्यावर पहिली सूचना मेमरी-पत्त्यांच्या ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे शोधतो, आणि तो पत्ता नेमका चिपच्या शेवटी येतो. तिथेच कोरं होतं.

अपडेटच्या त्या काही मिनिटांपुरती बॅटरी ही लॅपटॉपच्या पोटातली यूपीएस, म्हणजे वीज गेली तरी पुरवठा चालू ठेवणारी सोय असते. म्हणून ती अट.

मेलेली बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते, हा सल्ला कृपया ऐकू नका. झिजलेली रसायनं थंडीने परत येत नाहीत, आणि शून्याखालच्या तापमानात लिथियम-आयन सेल चार्ज केला तर आत धातूरूप लिथियम साचतं, ते धोक्याचं. बॅटरी फुगलेली असेल तर अपडेटचा विचारही नंतर. आधी ती काढा.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याच मॉडेलची धड बॅटरी तासाभरासाठी मागून आणणं. ते जमत नसेल, तर डेलसारख्या काही कंपन्यांच्या अपडेट फाइलला कमांड लाइनवरून ही तपासणी वगळायला सांगता येतं. डेस्कटॉपला बॅटरी नसतेच, तरी त्याचा बायोस अपडेट होतोच की. पण मग चार्जर यूपीएसवर लावा आणि पिन घट्ट बसली आहे ना ते बघा. चिप वाचायचं साधन हाताशी असेल तर आधी जुना मजकूर उतरवून ठेवा. अनेकदा त्यात मशीनचा सीरियल नंबरही असतो, तो कंपनीच्या फाइलमध्ये मिळत नाही. माझा लॅपटॉप मी तसाच उठवला: चिपमधून वाचलेल्या मजकुरात फक्त बायोसचा भाग नवा घातला आणि सगळं परत लिहिलं.