उद्याची वीज आज सांगायची, म्हणून रोजचा फोन
(आमच्या ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे स्थानिक वीज कंपनीऐवजी आमच्यामार्फत बाजारातून वीज घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या फाउंड्रीवाल्या (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या) ग्राहकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. तुमच्याकडे आमच्या मीटरचा दोन-दोन वर्षांचा डेटा आहे, वापराचा अंदाज बांधणारं मॉडेल आहे, मग रोज सकाळी फोन करून "उद्या भट्टी कधी लावणार" हे कशाला विचारता? प्रश्न बरोबर आहे, आणि फोनवर दोन मिनिटांत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

वीज एक्सचेंजच्या डे-अहेड, म्हणजे उद्याची वीज आज घ्यायच्या मार्केटमध्ये उद्याचा दिवस १५-१५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक ब्लॉकला किती मेगावॅट पाहिजे आणि कुठल्या दरापर्यंत घ्यायची, ही बोली आदल्या दिवशी सकाळी १० ते १२ मध्ये लावायची असते. म्हणजे मंगळवारी रात्री सव्वाआठला तुमची भट्टी पेटलेली असेल की नाही हे आम्हाला सोमवारी सकाळीच माहीत पाहिजे. आणि वेळ चुकली की पैसे जातात, कारण दुपारी सोलर जोरात असताना दर दोन-तीन रुपयांवर येतो आणि दिवस मावळला की तोच दर कधीकधी युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. (हा नुसता एक्सचेंजचा दर, त्यावर व्हीलिंग, ट्रान्समिशन (वीज वाहून आणण्याचे आकार) आणि क्रॉस सबसिडी सरचार्ज (स्थानिक वीज कंपनीला द्यायचा अधिभार) येतोच, त्यामुळे मोबाईलवर दोन रुपये बघून हुरळून जाऊ नका, आमच्या रिपोर्टमधला शेवटचा कॉलम बघा.)

आता मॉडेल काय करतं. तुमच्या मीटरचं दर १५ मिनिटांचं रीडिंग, तापमान, वार, सण, पाऊस हे सगळं घेऊन ते मागचे उद्यासारखे दिवस शोधतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. ऑफिस, कॉम्प्रेसर, मशीन शॉप यांचा लोड ते छान पकडतं. इंडक्शन भट्टीचं तसं नाही. एक टन बीड वितळवायला ढोबळ मानाने ५५० ते ६५० युनिट लागतात. चार्ज टाकला की लोड एकदम वर, मळी काढताना खाली, मेटल ओतताना अजून खाली, ओतून झालं की पुन्हा वर, ग्राफ अगदी करवतीच्या दातांसारखा दिसतो. पुढचा दात कधी येणार हे मागच्या दातांवरून थोडंफार कळतं, पण उद्या ऑर्डर कुठली आहे, किती हीट (वितळवण्याचे घाणे) काढायच्यात आणि मोल्डिंग वेळेवर होणार का, हे मीटरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, ते फक्त तुमच्या सुपरवायझरला माहीत असतं.

गेल्या वर्षी एका ग्राहकाकडे शनिवारी रात्री भट्टीचं लायनिंग (आतलं उष्णतारोधक अस्तर) गेलं. सगळे त्या धावपळीत, आम्हाला कळलं सोमवारी. रविवारची वीज आधीच घेतलेली होती, त्याचे पूर्ण पैसे गेले आणि वापरली जेमतेम दहावा हिस्सा. पुढच्या रविवारी आमची चूक झाली, तो बंद दिवस डेटातून बाजूला काढायचा राहिला, मॉडेलने त्यालाच नेहमीचा रविवार धरलं आणि बोली कमी लागली. तेव्हापासून ब्रेकडाउनचा प्रत्येक दिवस आम्ही हाताने मार्क करतो.

"कमी वापरली तर कुणाचं काय बिघडतं" असंही बरेच जण म्हणतात. बिघडतं. ग्रिडमध्ये वीज साठून राहत नाही, टाकलेली आणि ओढलेली त्याच क्षणी जुळावी लागते, नाहीतर ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी हलते आणि लाइनींवर नको तो भार येतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यसुद्धा, साधारण ६० कोटी लोकांना फटका बसला. ग्रिडचा उत्तर विभाग ठरल्यापेक्षा जास्त ओढत होता हे सगळ्यांना आठवतं, पण चौकशीत हेही आलं की आपला पश्चिम विभाग ठरल्यापेक्षा कमी ओढत होता, आणि त्या दोन्हीचा भार पश्चिमेकडून उत्तरेला वीज नेणाऱ्या बीना-ग्वाल्हेर लाइनवर जाऊन पडला. ती ट्रिप झाली आणि मग एकामागून एक सगळ्या गेल्या. तुमची दोन मेगावॅटची भट्टी एकटी ग्रिड पाडणार नाही, पण ग्रिडचा ताळमेळ सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरचं शेड्यूल अशाच शेकडो आकड्यांची बेरीज असते.

आणि ज्याला मागचा दाखलाच नाही तिथे मोठ्यातलं मोठं मॉडेलही चुकतं. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे बंद झाले तेव्हा देशाची मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता, उतरली ३१ हजारांनी. निभावलं कारण जलविद्युत केंद्रं तयारीत उभी होती, त्यांनी जवळपास साडेसतरा हजार मेगावॅट खाली घेतले आणि लगेच परत वर चढवले. म्हणून आम्हीही तुम्हाला एक आकडा देत नाही, वरची आणि खालची अशा दोन रेघा देतो. त्या दोन रेघा लांब गेलेल्या दिसल्या की समजा, त्या तासाबद्दल आम्हाला तुमच्याकडून काहीतरी ऐकायचंय.

सकाळी साडेनऊच्या आत उद्याच्या हीट कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फळ्याचा फोटो पाठवला तरी चालतो. नंतर काही बदललं तर रात्री-अपरात्री कधीही कळवा, १ जून २०२० पासून रिअल-टाइम मार्केट आहे, दर अर्ध्या तासाला लिलाव होतो, तुमचा मेसेज आला की साधारण दीड तासापुढच्या ब्लॉकपासून आम्ही खरेदी दुरुस्त करू शकतो. गेलेल्या ब्लॉकचं मात्र काहीच करता येत नाही. दिवाळीत भट्टी कुठल्या दिवशी थंड करणार आणि पुन्हा कधी पेटवणार, या दोन तारखा आठवडाभर आधी नक्की पाठवा.