शेंगेवरून अनोळखी झाड कसे ओळखावे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या रोपवाटिकेत पुष्कळ ग्राहक वाळलेली शेंग आणून झाडाचे नाव विचारतात. शेंगेवरून झाडाचे कूळ बहुतेक वेळा सांगता येते. नेमकी जात ठरवण्यासाठी मात्र तिच्याबरोबर पानांची डहाळीही लागते.

लांबी आणि रंग पाहण्याआधी शेंग कशी उकलते ते पाहावे, कारण आमच्या मते तीच सर्वांत भरवशाची खूण आहे. वाटाणा, गुलमोहर, शिरीष अशा शिंबावंत (वाटाण्याच्या कुळातील) वनस्पतींची शेंग बहुधा दोन्ही कडांनी उकलते आणि तिच्या बिया एकाच कडेला ओळीने चिकटलेल्या असतात. रुईचे फळ एकाच बाजूने फाटते व बियांना रेशमी केसांचा झुबका असतो. मोहरीच्या शेंगेत दोन फाकांच्या मधोमध पातळ पडदा असतो आणि फाका गळून पडल्यावरही तो देठावर टिकतो. शेवग्याची वाळलेली शेंग तीन फाकांनी उकलते व बियांना कागदासारखे तीन पंख असतात. त्यामुळे तो शिंबावंत कुळातला नाही, हे तेवढ्यावरूनच कळते.

शेंग न उकलणारी असेल, तर ती फोडून पाहावी. बहाव्याची काळपट, नळीसारखी शेंग ६० सेंटिमीटरपर्यंत लांब वाढते. ती फोडल्यास आत आडव्या पातळ पडद्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक चपटी चकचकीत बी आणि पडद्यांना चिकटलेला काळा गर दिसतो. असे आतील दृश्य पाहिल्यावर सहसा शंका उरत नाही. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, तर बाभळीची शेंग दोन बियांच्या मध्ये आवळलेली असते.

शिरीष आणि सुबाभूळ यांच्यात गल्लत होते, कारण दोहोंच्या शेंगा चपट्या असतात. शिरीषाची शेंग रुंद, गवती पिवळ्या रंगाची असते आणि वाऱ्याने खुळखुळते. सुबाभळीच्या अरुंद, तपकिरी शेंगा घोसाने लोंबतात, शिवाय तिची पर्णिका (संयुक्त पानातील एकेक छोटे पान) शिरीषाच्या पर्णिकेपेक्षा बरीच लहान असते.

अनोळखी बी ओळखण्यासाठी कृपया कधीही चाखून पाहू नये. गुंजेची लाल, काळ्या ठिपक्याची बी अत्यंत विषारी असते; ती चावणे किंवा तिला भोक पाडणे जिवावर बेतू शकते. खाजकुइलीच्या शेंगेवरील लव अंगाला लागल्यास तीव्र खाज सुटते, म्हणून लवदार शेंग उघड्या हाताने तोडू नये.

नमुना आणताना दोन-तीन शेंगा आणाव्यात व त्यांपैकी एक तरी न उकललेली असावी. शेंगा कागदी पाकिटात ठेवाव्यात, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी लागते. डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत सपाट दाबून आणावी आणि ती वेलीची, झुडपाची की मोठ्या झाडाची, हे पाकिटावर लिहावे. नमुना आणणे शक्य नसल्यास शेंगेशेजारी मोजपट्टी ठेवून बंद शेंगेचे एक व उघडलेल्या शेंगेचे एक, अशी दोन छायाचित्रे दाखवली तरी चालतील.