घरातला डीबी बदलताय? आधी बिलावरचा ‘मंजूर भार’ पाहा

उन्हाळ्याच्या तोंडावर एसी घरी येतो. बसवणारा माणूस मीटरखालच्या लाकडी बोर्डावरचे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज बघतो आणि विचारतो, "डीबी कुठाय?" मग दोन तासांत कुणीतरी वायरमन डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनींचे खटके असलेला डबा) ठोकून जातो आणि मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची याची कंपनीने ठरवलेली मर्यादा) वाढवण्याचा अर्ज ‘नंतर बघू’ म्हणून कायमचा राहून जातो. हा क्रम उलटा आहे. आधी भाराचा हिशोब करावा, मग डीबी आणि अर्ज, आणि सगळ्यात शेवटी एसी.

मीटरच्या पुढची वायरिंग तुमची असते, त्यामुळे नुसता डीबी बदलायला वीज कंपनीची वेगळी मंजुरी लागत नाही. मीटर आणि त्याचं सील मात्र कंपनीचं. वायरमन "सील काढून पुन्हा लावतो" म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा, कारण मीटरशी छेडछाड हा वीज कायदा २००३ खाली गुन्हा आहे. मीटरकडची वायर बंद करायची असेल तर शाखा कार्यालयाला सांगून माणूस बोलवा.

आता हिशोब. दीड टनाचा एसी साधारण १.६ किलोवॅट, गिझर २, मायक्रोवेव्ह १.२, इस्त्री १, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर ०.४, दिवे-पंखे-फ्रिज-टीव्ही मिळून ०.८. बेरीज ७ किलोवॅट होते. सगळं एकाच वेळी चालत नाही, तरी चार-पाच किलोवॅट सहज लागतात. बिलावर मंजूर भार एक किंवा दोन किलोवॅट असेल तर अर्ज करायलाच हवा. सिंगल फेजवर सर्वसाधारण मर्यादा ४० अँपिअरची, म्हणजे जवळपास ९ किलोवॅट. त्यामुळे एका एसीसाठी थ्री फेज घ्यायची गरज सहसा पडत नाही. थ्री फेजचा स्थिर आकार जास्त असतो, हेही ध्यानात ठेवा.

अर्ज कुणी करायचा? कायद्यात मालकाइतकाच ताबेदारालाही वीज मागण्याचा हक्क आहे, म्हणजे भाडेकरूही अर्ज करू शकतो. मात्र त्याच्याकडे भाडेकरार आणि मालकाची ना हरकत असेल तर काम सोपं होतं. घोडं अडतं ते बहुतेक वेळा बिलावरच्या नावापाशी. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी बिल त्यांच्याच नावावर येत असतं. अशा वेळी नावबदलाचा अर्ज आधी किंवा सोबत द्या. थकबाकीही आधी भरून टाका.

कागदपत्रं फार नाहीत. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियम, २०२० प्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जोडणीला दोनच पुरावे लागतात: एक ओळखीचा (आधार, पॅन वगैरे) आणि एक मालकीचा किंवा ताब्याचा. शहरात इंडेक्स २ किंवा घरपट्टीची पावती चालते, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. शेताचा सातबारा घराचा पुरावा म्हणून नेऊ नका, हेलपाटा पडेल. भारवाढीसाठी ओळखपत्र, चालू बिल आणि टेस्ट रिपोर्ट तयार ठेवा.

टेस्ट रिपोर्ट हा कागद लोक सगळ्यात हलका समजतात. तो परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच द्यायचा असतो. नियमाप्रमाणे ५०० व्होल्टच्या मेगरने वायरिंगचं इन्सुलेशन तपासून ते किमान १ मेगओम भरलं पाहिजे, अर्थिंगही बघितलं पाहिजे. आमच्या घराचा पहिला रिपोर्ट मात्र एका कंत्राटदाराने दुकानात बसूनच सही करून दिला होता. घराचं दारसुद्धा पाहिलं नाही. पुढे पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला झिणझिण्या आल्या, तेव्हा त्या सहीची किंमत कळली. म्हणून मेगर घेऊन घरी येणाराच माणूस शोधा आणि त्याच्या परवान्याची मुदत बघून घ्या.

रिपोर्टच्या आधी डीबी लागलेला हवा. खोक्यावर ‘८ वे’ (इंग्रजी ‘way’, म्हणजे खटक्यांच्या आठ जागा) लिहिलेलं असतं, पण त्यात मेन स्विचची जागा धरली आहे का ते दुकानदाराला विचारा. डबल पोल मेन दोन जागा खातो, आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की लाइन तोडणारा खटका) आणखी दोन. दोन-तीन जागा मोकळ्या राहतील एवढा डीबी घ्या. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर वायर आणि ६ किंवा १० अँपिअरची एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका); गिझरला अडीचची वायर आणि १६; एसीला चारची वायर आणि २० अँपिअर, सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाच्या झटक्याने न पडणारी). एमसीबी असते ती वायर वाचवायला. ती सारखी पडते म्हणून त्याच वायरवर ३२ ची बसवणं म्हणजे भिंतीतली वायर जळायला मोकळी सोडणं. आणि न्यूट्रलवर वेगळा फ्यूज ठेवू नका. जुन्या बोर्डांवर तो हमखास सापडतो, आणि उडाला की दिवा बंद दिसतो पण फेज जिवंतच राहतो.

आरसीसीबीवर पैसे वाचवू नका. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्या, आयएसआय खूण पाहून. ती शॉक ओळखते, जादा भार ओळखत नाही, म्हणून एमसीबीची जागा ती घेऊ शकत नाही. इन्व्हर्टर असलेल्या घरात ती बसवल्या बसवल्या पडू लागते आणि वायरमन म्हणतो, "ही काढूनच टाकू." खरा दोष बहुधा न्यूट्रलचा असतो: इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो. तो वेगळा करून घ्या. अर्धा दिवस मोडेल, पण आरसीसीबी जागेवर राहील.

डीबी न्हाणीघरात, मोरीच्या किंवा गॅसच्या शेगडीच्या वर नको. दाराजवळ, हात पोचेल तिथे बरा.

अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर भरता येतो. त्यानंतर पाहणी होते, कोटेशन येतं, पैसे भरले की भार वाढतो. गरजेप्रमाणे मीटर किंवा सर्व्हिस वायरही बदलतात. मुंबई शहरात हे काम बेस्टकडे असतं, उपनगरांत अदानी किंवा टाटाकडे, मुलुंड-भांडुपला महावितरणकडेच. गोव्यात सरकारचं वीज खाते आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय नियमांत नव्या जोडणीला आणि जोडणीतल्या बदलाला महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मर्यादा आहे. नवे खांब किंवा ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर जास्त वेळ जातो. अर्जाचा क्रमांक आणि पावती जपून ठेवा. मुदत उलटली की १९१२ वर तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे विद्युत लोकपाल, ज्यांची महाराष्ट्रातली कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

काम संपल्यावर वायरमनला सोडण्याआधी त्याच्यासमोर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. खटका पडला नाही तर पैसे देऊ नका. आणि कुठली एमसीबी कशाची, ते झाकणाच्या आत पेनाने लिहून घ्या.