अल्पसंख्याक ताण आणि समलिंगी तरुणांसाठीचे मानसोपचार

समाजातील कलंक, टवाळी, भेदभाव आणि त्यापायी करावी लागणारी लपवाछपवी यांमुळे समलिंगी व्यक्तीला चारचौघांच्या वाट्याला येणाऱ्या ताणाखेरीज जो जादा ताण वाहावा लागतो, त्याला ‘अल्पसंख्याक ताण’ म्हणतात. तरुण समलिंगी पुरुषांना हा ताण ओळखायला आणि त्याच्याशी दोन हात करायला शिकवणारे, मनासोबत लैंगिक आरोग्याचीही काळजी वाहणारे उपचार हा या नोंदीचा विषय आहे. लैंगिक कल बदलून देण्याचा दावा करणारे प्रकार यात मोडत नाहीत. ते निष्फळ आहेत आणि घातकही. समलैंगिकता हा आजारच नाही. अमेरिकन मनोचिकित्सा संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये ती आजारांच्या यादीतून काढून टाकली.

संकल्पना : व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी १९८१ मध्ये समलिंगी स्त्रियांच्या संदर्भात ही संज्ञा वापरली. इलान मायर यांनी १९९५ मध्ये समलिंगी पुरुषांच्या अभ्यासातून तिला आकार दिला आणि २००३ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. मायर यांच्या मांडणीत ताणाचे काही स्रोत बाहेरचे असतात : मारहाण, शिवीगाळ, नोकरी किंवा घर नाकारले जाणे. बाकीचे मनात घर करून बसतात : आता कोणीतरी नाकारणार ही सततची धास्ती, स्वतःला लपवण्याची धडपड आणि समाजाचा तिरस्कार खरा मानून स्वतःवरच उगारणे.

अल्पसंख्याक म्हटले की धर्म किंवा भाषा डोळ्यांसमोर येते. पण धर्माने अल्पसंख्य असलेल्या मुलाला निदान घरात तरी आपली माणसे असतात. बाहेर कोणी हिणवले तर आई जवळ घेते, आजोबा त्यांच्यावर गुदरलेले सांगतात. समलिंगी मुलाला बहुधा हा आधारही नसतो. ज्यांच्याकडे रडत जावे त्यांच्यापासूनच त्याला लपायचे असते. लपवणे म्हणजे एकदाच सांगितलेले खोटे नव्हे, ते अष्टौप्रहर चालणारे काम आहे. मराठीत तर क्रियापदच गुपित फोडते. ‘काल कोण भेटलं?’ या साध्या प्रश्नावर ‘भेटला’ म्हणावे की ‘भेटली’, याचा हिशेब बोलण्याआधी करावा लागतो. वर्षानुवर्षे असा हिशेब करणारे मन थकते. नैराश्य, चिंता आणि व्यसने समलिंगी पुरुषांत इतरांपेक्षा अधिक आढळतात, त्याचे मूळ त्यांच्या स्वभावात नाही, या थकव्यात आहे.

लैंगिक आरोग्याशी संबंध : जोखमीच्या संबंधांचा दोष अनेकदा बेफिकिरीला दिला जातो. तो न्याय्य नाही. नाकारले जाण्याची धास्ती असलेल्या तरुणाला ‘कंडोम वापरू या’ म्हणणेही जड जाते, कारण जोडीदार उठून गेला तर जुनी जखम पुन्हा उघडी पडणार असते. शरमेची धार बोथट करायला दारू घेतली जाते आणि दारूत ठरवलेले राहून जाते. भेटी चोरून, घाईत होतात. तपासणी केंद्राच्या दारात कोणी ओळखीचे दिसेल या भीतीने एचआयव्हीची चाचणी पुढे ढकलली जाते. डॉक्टरांपासून खरे लपवले की घशातला किंवा गुदद्वारातला परमा (गनोरिया हा गुप्तरोग) तपासलाच जात नाही, आणि तिथे तो बहुतेकदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. एचआयव्हीची लागण टाळणारी ‘प्रेप’ची गोळी हाताशी असूनही, घरात डबी सापडेल म्हणून घेतली जात नाही. रॉन स्टॉल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की नैराश्य, अमली पदार्थ, बालपणीचे लैंगिक शोषण, जोडीदाराकडून होणारी हिंसा अशा अडचणी जितक्या एकत्र येतात, तितका एचआयव्हीचा धोकाही वाढतो. मग एकेक अडचण सुटी करून भागत नाही. नुसते कंडोम वाटून तर नाहीच.

उपचाराचे स्वरूप : या विचारातून जॉन पाचांकिस आणि सहकाऱ्यांनी ‘एस्टीम’ नावाची उपचारपद्धती घडवली. डेव्हिड बार्लो यांच्या भावनिक विकारांवरील एकात्म पद्धतीचा पाया घेऊन, समलिंगी व उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांकडेही ओढ असणाऱ्या) तरुणांच्या आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या जाणकारांच्या मुलाखतींतून तिच्यात बदल केले गेले. मूळ रूपात समुपदेशकाबरोबर दहा बैठका होतात. पहिली पायरी नाव देण्याची : आपल्याला जे होते आहे तो आपला दोष नसून अल्पसंख्याक ताण आहे, हे ओळखणे. मग तरुण आठवडाभराच्या नोंदी ठेवतो. कोणत्या प्रसंगी छातीत धस्स झाले, त्या वेळी मनात काय आले, आपण काय केले. पुढे त्या विचारांची तपासणी होते आणि टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पाहिल्या जातात. आपले म्हणणे न कचरता मांडण्याचा सरावही होतो. कंडोमविषयी बोलणे हा त्याचाच भाग. 

या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू म्हणजे ती भीतीला मूर्खपणा ठरवत नाही. शाळेत मार खाल्लेल्या मुलाने सावध राहायला शिकणे हे शहाणपणच होते. आज, विश्वासाच्या माणसासमोरही तेच चिलखत अंगावर हवे का, एवढेच विचारायचे असते. जिथे उघड होणे खरोखर धोक्याचे आहे तिथे ‘सांगून टाक’ असा आग्रह जाणता समुपदेशक धरत नाही.

परिणाम : न्यूयॉर्कमध्ये ६३ तरुणांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपचारासाठी प्रतीक्षायादीत असलेल्या तरुणांच्या तुलनेत उपचार घेतलेल्यांचे नैराश्य आणि दारूच्या तक्रारी कमी झाल्या, तसेच तात्पुरत्या जोडीदारांशी कंडोमविना येणारे संबंधही घटले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५४ जणांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष मात्र इतके ठळक नव्हते. तिथे तुलना एचआयव्ही समुपदेशन व चाचणीशी आणि समलिंगी व्यक्तींना समजून घेणाऱ्या नेहमीच्या समुपदेशनाशी होती, आणि एचआयव्हीच्या जोखमीत लक्षणीय फरक पडला नाही. एकाच वेळी असलेल्या अनेक तक्रारींचे ओझे हलके होण्याच्या बाबतीत पद्धत अधिक आश्वासक दिसली. हे निष्कर्ष झाकून ठेवू नयेत. रुमानिया आणि चीनमध्येही तिची स्थानिक रूपे आजमावली गेली आहेत.

मर्यादा : उपचाराने मन सावरते, ताणाचे उगमस्थान बदलत नाही. अमेरिकेतील काही राज्यांनी २००४-०५ मध्ये समलिंगी विवाहाला बंदी घातल्यानंतर तिथल्या समलिंगी व उभयलिंगी नागरिकांत मनोदशेचे विकार ३६.६ टक्क्यांनी वाढल्याचे मार्क हॅट्झेनब्यूलर व सहकाऱ्यांना आढळले. उलट मॅसॅच्युसेट्समध्ये अशा विवाहाला मान्यता मिळाल्यानंतरच्या वर्षभरात समलिंगी पुरुषांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या, ज्यांना जोडीदार नव्हता त्यांच्यासुद्धा.